रशीदभाईंचं मत, माझा तक्ता

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा डेअरीत दुधाच्या रांगेत अकरा जण उरले होते. सकाळचे सव्वासात झाले होते. फोन त्यांच्या मुलाचा, सलीमचा होता. "काका, अब्बा गेले... पहाटं नमाजला उठले, वजूला हातपाय धुतले आन् ओट्यावरच बसल्यासारखे..." मी "आलो" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि पुढच्या माणसाचा कॅन ओढला. अकराही जणांचं दूध मापलं, फॅट काढली, डिग्री बघितली, पावत्या फाडल्या. शेवटची पावती हातात घेऊन तो माणूस म्हणाला, "सेक्रेटरी, हा नंबर माझा न्हाई." बघितलं तर एकशे बारा लिहिलं होतं. तो रशीदभाईंचा सभासद नंबर. मग मात्र मला खुर्चीत बसावं लागलं. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे लिहायचं आहे ते माझ्या याच सवयीबद्दल आहे. हातातलं माप पुरं झाल्याशिवाय मी मान वर करत नाही.

मी काष्टीत दूध संस्थेचा सचिव आहे, तेवीस वर्षं. रशीद शेख आमच्या गल्लीतले. सैन्यात हवालदार होते. पलटणीच्या रग्बी संघात सतरा वर्षं खेळले, निवृत्त होऊन गावी आले, दोन गाई घेतल्या आणि कबड्डी खेळणाऱ्या मुलींना गोळा करून रग्बी शिकवायला लागले. गावाला तेव्हा हा खेळ ठाऊक नव्हता. मैदान म्हणजे बाजारतळ. जनावरांच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आधी शेण उचलायचं, खुंट्यांची भोकं मातीनं बुजवायची, मग चेंडू काढायचा. पाय मुरगळू नये म्हणून रशीदभाई अख्खं तळ स्वतः अनवाणी चालून बघत. लोक हसायचे. "भाई, हरवलं काय?" असं चहावाला रोज विचारायचा आणि भाई रोज सांगायचे, "तुझी उधारी."

मी त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. ते मला नावानं कधी हाक मारत नसत, सेक्रेटरीच म्हणत. संध्याकाळचं संकलन आटपलं की मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो आणि ते मला खेळ समजावून द्यायचे. रग्बीत चेंडू हातानं पुढं फेकता येत नाही, मागंच द्यावा लागतो, एवढं कळायला मला महिना लागला. मग दहा नंबरचं काम कळलं. गर्दीतून चेंडू बाहेर आला की तो आधी दहा नंबरच्या हातात येतो. पळायचं, लाथेनं लांब धाडायचा की बाजूच्या मुलीला द्यायचा, हे तिनं डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं. सगळा खेळ ती मांडते. "बाकीच्या चौदा जनी पायानं खेळत्यात," भाई म्हणायचे, "ही एकटी दुसऱ्याच्या पायानं खेळती."

अशी एक मुलगी त्यांना मिळाली ती मिरजगावची कोमल. वडिलांचं हायवेवर टायरचं दुकान. शाळेच्या कबड्डी स्पर्धेत भाईंनी तिला पाहिलं आणि तिच्या बापाला भेटून मागून घेतलं. शनिवारी दुपारी दोन एसट्या बदलून ती काष्टीला यायची, रात्री भाभींजवळ झोपायची, रविवारी तळावर. सात वर्षं हे चाललं. भाभींनी तिच्यासाठी वेगळी गोधडी शिवली होती. पुढं कोमल राज्याच्या संघात गेली आणि बाविसाव्या वर्षी राष्ट्रीय शिबिरात. त्याच सुमारास रशीदभाईंनाही निवड समितीवर बोलावणं आलं. समितीत तिघंच. एक शहरातले प्रशिक्षक, एक माजी खेळाडू बाई आणि भाई.

राष्ट्रीय संघाची अवस्था तेव्हा वाईट होती. सामन्यामागून सामने जात होते आणि दर पराभवानंतर दहा नंबर बदलत होता. शेवटी नावं दोन उरली. एक कोमल, दुसरी पूर्वेकडच्या एका राज्यातली मुलगी. तिचा खेळ संथ, नीटनेटका. कोमल घाईची, पण कुणाला दिसणार नाही ती वाट तिला दिसायची. ओट्यावर आमच्यात यावरून रोज वाद व्हायचा. मी म्हणायचो, हरणाऱ्या संघाला आधी चुका थांबवणारी पाहिजे. भाई म्हणायचे, "हरायची सवय लागली की सावधपनानं ती मोडत न्हाई, सेक्रेटरी. उलट पक्की हुती." मी म्हणायचो, "मग बिनधास्त कोमलला द्या मत." यावर ते एकदा म्हणाले, "माझा डोळा तिच्या बाजूचा हाय. म्हनून तर तुझा आकडा मागतो."

आकडा त्यांनी मागितला तो असा. दोघींच्या चार-चार सामन्यांचे व्हिडिओ होते. ते बघून मी तक्ता करायचा. किती पास दिले, किती पडले, किती लाथा, किती बरोबर गेल्या. मी हे काम कसं केलं ते घरच्यांनी बघितलंय. एकेक सामना तीन वेळा बघितला. आकडा जुळला नाही तर चौथ्यांदा. माझी बायको शैला म्हणाली, "दुधात पाणी शोधता शोधता आता पोरींच्या खेळात शोधायला लागलात." तक्ता झाला. कोमलचे एकशे अठरा पास, त्यातले सव्वीस पडले. दुसरीचे एकशे बारा, त्यातले दहा पडले. भाईंनी तो कागद बराच वेळ हातात धरला. "सव्वीस?" म्हणाले. मी म्हणालो, "तीन वेळा मोजलेत." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

निवडीची बैठक व्हिडिओवर झाली. भाईंच्या घरी नेट चालत नव्हतं, म्हणून ती आमच्या डेअरीच्या ऑफिसात. फॅट मशीन बाजूला सारून तिथं मी लॅपटॉप ठेवला आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही असा कपाटाला टेकून बसलो. बोलणं हिंदीत चाललं होतं. माजी खेळाडू बाई कोमलच्या बाजूनं जोरात बोलल्या. "ही मुलगी चार पावलं पुढचं बघते. अशी दहा वर्षांत एक येते." प्रशिक्षक म्हणाले, "पुढचं बघून काय करायचं? चेंडू सांडून सांडून हरतोय आपण." एक मत इकडं, एक तिकडं. मग प्रशिक्षक म्हणाले, "शेखसाहेब, तुमच्या जिल्ह्याची मुलगी. तुम्हीच तयार केलेली. बोला." त्या बोलण्यात टोमणा होता, हे मलासुद्धा कळलं. भाईंनी माझा कागद उचलला, दोन्ही आकडे वाचले आणि दुसऱ्या मुलीचं नाव घेतलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही स्वतः तिला बघता तेव्हा तुम्हाला हेच वाटतं?" भाई म्हणाले, "मैं अपनी आँख पे भरोसा नहीं कर सकता, मॅडम." बैठक संपल्यावर ते उठले आणि फॅट मशीन जागेवर ठेवायला मला हात लावू लागले. मी म्हणालो, "भाई, न्यायाचं काम केलंत." मला खरंच तसं वाटलं होतं.

गावात बोललं जाऊ लागलं. "देशाचं मत दिलं म्हना भाईंनी, आपली पाडली आन् परकी चढवली." चहावाल्यानं हरवलं काय हे विचारायचं सोडलं. कोमलचे वडील एकदाच आले, ओट्यावर बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले, "सर, तुमी तिला लेक म्हनत हुता. लेकीला असं करत्यात व्हय?" कोमल मात्र त्या शनिवारीही आली. तिनं सरळ विचारलं, "सर, माझं काय चुकलं?" मी तिथंच होतो. भाई म्हणाले, "पास पडत्यात तुझे." ती म्हणाली, "ठीक आहे. पडणार नाहीत."

आणि ते तिनं खरं केलं. वर्षभर ती एकाच गोष्टीच्या मागं लागली. पास पडता कामा नये. घेणारी मुलगी आली का, तिनं हात पुढं केले का, हे बघून मग चेंडू सोडायची, तोही असा हळुवार की लहान पोरानं झेलावा. एकही पडायचा नाही. पण तेवढ्या वेळात समोरच्या मुली अंगावर येऊन पडायच्या. पुढच्या शिबिराला तिचं नावही आलं नाही. राज्याच्या संघातही ती बदली खेळाडू झाली. इकडं राष्ट्रीय संघ हरतच होता. त्याचं खापर दुसऱ्या मुलीवर फोडणं बरोबर नाही. ती तिला येतं ते नीट करत होती.

एका रविवारी तळावर भाई माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "ही कुनाची वाट बघती रे?" मी म्हणालो, "कोण?" "कोमल. चेंडू हातात घिऊन वाट बघती. आधी न्हवती बघत." दुपारी ते डेअरीत आले आणि जुना व्हिडिओ लाव म्हणाले. तक्ताही काढायला लावला. पहिलाच पडलेला पास आला तिथं त्यांनी चित्र थांबवलं. चेंडू कोमलनं छातीच्या उंचीला, बरोबर दिला होता. घेणारी बारा नंबरची मुलगी अर्धं पाऊल मागं होती, चेंडू तिच्या बोटांना लागून खाली पडला होता.

"हा कुनाच्या नावावर टाकलास?"

"कोमलच्या."

"सुटला कुनाच्या हातातून?"

"बारा नंबरच्या."

"मग कोमलच्या नावावर कसा?"

मी म्हणालो, "माल तिनं पाठवला ना, भाई." आणि बोलता बोलताच माझी चूक माझ्या ध्यानात आली. आमच्याकडं हाच नियम आहे. संस्थेतून कॅन जातो, वाटेत टेम्पो दोन तास उन्हात उभा राहतो, शीतकरण केंद्रावर दूध नासलेलं निघतं. ते टेम्पोवाल्याच्या नावावर कधी पडत नाही. ज्यानं पाठवलं त्याच्या नावावर पडतं. तेवीस वर्षं मी तसंच लिहीत आलो. हा नियम खेळाला लावावा की नाही, असा प्रश्नच मला पडला नव्हता. तीन वेळा मोजलं, पण तिन्ही वेळा चुकीच्या रकान्यात.

आम्ही त्याच दुपारी सगळं परत मोजलं. कोमलच्या सव्विसांपैकी एकोणीस घेणारीच्या हातून सुटलेले. तिचे स्वतःचे वाईट पास सात. दुसऱ्या मुलीच्या दहांपैकी तिचे स्वतःचे आठ. म्हणजे दोघींत तसा फरकच नव्हता. फरक एवढाच की कोमलचा चेंडू वेळेवर यायचा आणि घेणाऱ्या मुलींना त्या वेळेची सवय नव्हती. भाई रागावले असते तर बरं झालं असतं. ते पडद्याकडं बघत म्हणाले, "मी खेळलोय रे. मला दिसत हुतं... दिसत असून मी कागद वाचला."

मी म्हणालो, समितीला पत्र लिहितो, नवा तक्ता जोडतो. ते म्हणाले, "समितीला मग लिव्हू. आधी पोरीला सांगाया पायजे. ते मी सांगतो. मत माझं हुतं." मीही येतो, असं मी म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. त्या क्षणी मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी ते एकटेच एसटीनं मिरजगावला गेले. संध्याकाळी विचारलं, "बोललात?" म्हणाले, "झालं." एवढंच. नंतर ते तळावर यायचे, मुलींना खेळवायचे, पण कोमल आली नाही. पत्राचं मी दोनदा काढलं, ते म्हणाले, "लिव्हू." सहा आठवड्यांनी ते गेले.

चाळिसाव्याला कोमल आली, वडिलांबरोबर. जेवणं झाल्यावर ती भाभींजवळ मागच्या खोलीत बसली होती. मला बघून म्हणाली, "काका, सर आमच्याकडं आले होते. म्हणाले, मोजताना माझी चूक झाली. मी त्यांना फार बोलले. म्हटलं, सतरा वर्षं खेळलात आणि पास कुणाचा सुटला ते तुम्हाला कळत नाही? पाणीसुद्धा नाही विचारलं मी. नंतर चार वेळा फोन आला त्यांचा. उचलला नाही." ती रडत नव्हती. ते जास्त अवघड होतं. भाभी माझ्याकडं बघत होत्या. तक्त्यावर अक्षर कुणाचं, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

गप्प राहणं सोपं होतं. माणूस गेलेला, चूक त्यानं आपल्या अंगावर घेतलेली, विचारणारं कुणी नाही. मी म्हणालो, "कोमल, मोजलं मी होतं. त्यांनी नाही. रकाना मी चुकवला."

तिनं माझ्याकडं बघितलं. "मग सरांनी तसं का सांगितलं?"

"मी त्यांना सांगू दिलं म्हणून."

दारात तिचे वडील उभे होते. ते म्हणाले, "आन् तुमी आता सांगताय व्हय." मी मान खाली घातली. कोमल उठली, भाभींच्या पाया पडली आणि वडिलांबरोबर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी समितीला पत्र लिहिलं. दोन्ही तक्ते जोडले, चूक कशी झाली ते लिहिलं, सही माझी केली. आठवड्यानं त्या माजी खेळाडू बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, पत्र वाचलं, निकाल मागं जाऊन बदलता येत नाही. पावसाळ्यानंतर नवं शिबिर आहे. तिचा पास पूर्वीसारखा असेल तर तिला बोलवायला सांगते. "आहे का तसा?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मला माहीत नाही." मग मी मिरजगावला फोन केला. वडिलांनी उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

गेल्या शनिवारी दुपारी भाभींचा फोन आला. "सेक्रेटरी, कोमल आलीया. चेंडू काढलाय तिनं. समोर उभं राहाया कुनी न्हाई, सलीम ड्युटीवर गेलाय." मी गेलो. रशीदभाईंच्या घरामागं परसू आहे, लिंबाच्या झाडापासून गाईंच्या गोठ्यापर्यंत. तिथं पंधरा वर्षं रोज संध्याकाळी ते मुलींचे पास झेलत आले. ते पळत यायचे त्या वाटेवर जमीन इतकी घट्ट झालीय की गवत धरत नाही. दोन्ही बाजूंना हिरवं आणि मध्ये ती हातभर रुंदीची पट्टी.

मी त्या पट्टीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो तर कोमल म्हणाली, "तिथं उभं नाही राहायचं काका. लिंबापासून पळत यायचं. मी चेंडू आधी सोडणार. तुम्ही तिथं पोचायचं." मी चपला काढून ठेवल्या. पहिले दोन-तीन पास हळू आले. मी पोचेपर्यंत ती थांबत होती. ते तिचं तिलाच कळलं. ती चेंडू हातात घेऊन उभी राहिली, दोन्ही हातांनी तो फिरवत राहिली... मग म्हणाली, "तुम्ही बघू नका माझ्याकडं. नुसते पळा." मी पळालो. चेंडू माझ्या आधी येऊन पोचला, माझ्या छातीला लागला आणि गोठ्याकडं घरंगळत गेला. मला दम लागला होता. भाभी दारात उभ्या होत्या. कोमल म्हणाली, "आणा इकडं."

त्या संध्याकाळी तिनं वीस पास टाकले. सतरा पडले. सतराच्या सतरा माझ्या हातून.